पेठेतली चव आणि आपल्या रानातला माल



एरवी या पानावर आपण बियाणे, खत, औषध आणि पाणी यांच्या गोष्टी करतो. आज जरा बांधाबाहेर पडू. विषय आहे पायी फिरण्याचा आणि खाण्याचा. ऐकून हसाल, पण शेवटपर्यंत वाचा. यात तुमच्या हळदीचा आणि ज्वारीचा हिशेब आहे, आणि घरातल्या माउलीच्या कष्टाचाही आहे.

पुण्या-मुंबईत अलीकडे एक नवा धंदा उभा राहिला आहे. जुन्या पेठेतून आठ-दहा माणसांचा जथा पायी निघतो. पुढे एक वाटाड्या असतो. तो वाडा दाखवतो, देऊळ दाखवतो, कोणत्या गल्लीला ते नाव का पडले ते सांगतो. मधे मधे ठरलेल्या दुकानी थांबून एकेक पदार्थ हातावर ठेवतो. पोटभर नव्हे, चाखण्यापुरता. दोन-तीन तासांत सहा-सात थांबे होतात. याचे पैसे आगाऊ घेतात. तेच पदार्थ दुकानात जाऊन घेतले तर जेवढे पडतील, त्याहून हे पैसे बरेच जास्त असतात. तरी लोक खुशीने देतात. शहरात याला 'फूड वॉक' म्हणतात. आपण चवीचा फेरफटका म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, ज्याला खायचे आहे तो सरळ दुकानात जाऊन खाईल. वरचे पैसे कशाचे? हाच खरा प्रश्न आहे. वरचे पैसे पदार्थाचे नाहीत, माहितीचे आहेत. हा पदार्थ कुठला, कोणी केला, कशापासून केला, इथेच का झाला, हे सांगणारा माणूस भेटला की खाणाऱ्याला घास वेगळा लागतो. वस्तू तीच, पण तिला गोष्ट मिळाली की मोल चढते.

पुण्याचा असा फेरफटका कसा असतो ते पाहू. सुरुवात बहुधा शनिवारवाड्यापासून होते. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी बांधलेला हा वाडा १७३२ साली राहण्याजोगा झाला. तिथून लाल महाल आणि कसबा गणपती जवळच. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. तिथल्या तांबट आळीत आजही तांब्या-पितळेची भांडी ठोकल्याचा आवाज येतो. आपल्या घरातला जुना हंडा, घंगाळ आणि परात अशाच एखाद्या आळीत घडलेली असते.

पुढे मंडई लागते. मधे अष्टकोनी मनोरा आणि भोवती पसरलेले पाखे अशी ही दगडी इमारत १८८६ साली खुली झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला तेव्हा रे मार्केट म्हणत. आता तिचे नाव महात्मा फुले मंडई आहे. यात एक गंमत आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा तो माणूस. ज्या बाजाराच्या खर्चाला त्यांनी हरकत घेतली, त्याच बाजाराच्या कपाळी पुढे त्यांचे नाव लागले. वाटाड्याने ही एवढी गोष्ट सांगितली की मंडईतली मेथीची जुडीसुद्धा माणूस थांबून पाहतो.

आता खाण्याकडे या. मिसळीत मटकी आहे आणि वर बेसनाची शेव. बाकरवडीच्या पारीत बेसन आहे, आत तीळ, खसखस आणि खोबरे. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद. पुरणपोळीत हरभऱ्याची डाळ आणि गूळ. मस्तानी म्हणजे आटवलेले दूध आणि आइस्क्रीम. आणि तिखटामिठाच्या बहुतेक पदार्थांत चिमूटभर हळद. एकेक पदार्थ उलगडून पाहा. शेवटी हाती काय येते? ज्वारी, हरभरा, मटकी, तीळ, दूध, हळद. म्हणजे तुमचे-आमचे रान.

पण वाटाड्याची गोष्ट दुकानाच्या उंबऱ्यापाशी संपते. दुकान किती पिढ्यांचे ते त्याला ठाऊक असते. हरभरा कोणत्या मातीतला, तो काळीत का चांगला येतो, हळद जमिनीत नऊ महिने का ठेवावी लागते, हे त्याला ठाऊक नसते. गोष्टीचा अर्धा भाग आपल्याकडे पडून आहे आणि आपण तो कोणाला सांगत नाही. माल पोत्यात भरतो, काटा करतो, पट्टी घेतो आणि घरी येतो. ज्याने गोष्ट सांगितली त्याने पैसा कमावला. ज्याने पिकवले तो गोष्टीत आलाच नाही.

हे आपल्या हिंगोली जिल्ह्याला कसे लागू पडते ते आता सांगतो.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण गावे जुनी आहेत. हिंगोलीला निजामाच्या राज्यात फौजेची मोठी छावणी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. म्हणून आपल्या बाजारात आजही मराठी, उर्दू आणि मारवाडी अशा तिन्ही बोली कानावर पडतात, आणि खाण्यातही त्या मिसळल्या आहेत. हिंगोलीचा दसरा लांबलांबून लोक पाहायला येतात. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी जी रांग लागते, ती तुम्ही पाहिली असेल. बघा, एका मोदकासाठी माणूस रात्र रात्र रांगेत उभा राहतो. तो मोदक मिठाईच्या दुकानातही मिळाला असता. पण त्याच्या मागे श्रद्धा आहे, गोष्ट आहे, म्हणून पाय तिकडे वळतात.

औंढ्याला नागनाथ आहे. बारा ज्योतिर्लिंगांत आपण त्याला मानतो. देशभरातून माणसे येतात. देवळाच्या भिंतीवरचे कोरीव काम पाहतात. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले ही कथा ऐकतात. शेजारी नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून तिथे पंजाबातून भाविक येतात. आता मला सांगा, ही सारी माणसे आपल्या जिल्ह्यात काय खातात? चहा, बिस्किटाचा पुडा आणि कुठेही मिळतो तसला वडा. दर्शन झाले की गाडीत बसून निघून जातात. आपल्या मातीची चव तोंडी न लागताच जातात. हा तोटा कोणत्याही पट्टीवर लिहिलेला नसतो, पण तोटा आहे.

महाशिवरात्रीची औंढ्याची यात्रा आठवा. त्याच दिवसांत वसमत आणि औंढा तालुक्यांत हळद काढणीला आलेली असते. शेतात हळद शिजत असते, तिचा वास रस्त्यापर्यंत येतो, खळ्यावर पिवळे ढीग वाळत पडलेले असतात. शहरातल्या माणसाने हळद फक्त पुड्यात पाहिलेली असते. १०० किलो ओली हळद शिजवून वाळवली की साधारण २० किलोच उरते, वाणानुसार थोडी कमीजास्त, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ती शिजताना त्याला दाखवा, ओल्या हळदीचे लोणचे भाकरीबरोबर द्या, आणि घरी न्यायला स्वतः दळलेली पावशेर पूड पुढे ठेवा. भाव करताना तो मग फार घासाघीस करत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन म्हणजे तरी काय? या मातीची ही वस्तू आहे, एवढी गोष्ट सरकारी कागदावर आली. ती तोंडाने सांगायची राहिली आहे.

ज्वारीचे तसेच. सोयाबीन आले आणि ज्वारीचा पेरा घटला. कारणे मला माहीत आहेत. पाखरे राखायची कोणी, काढणीला मजूर आणायचा कुठून. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडबा गेला तसे दावणीचे जनावरही कमी झाले. इकडे शहरात मात्र ज्वारीची भाकरी मानाची झाली आहे. २०२३ हे वर्ष तर साऱ्या जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. किलोभर पिठाच्या साधारण १० ते १२ भाकरी होतात. शहरातल्या खानावळीत एक भाकरी केवढ्याला मिळते ते विचारा, त्याला १० ने गुणा, आणि तुमच्या किलोभर ज्वारीच्या भावाशेजारी मांडा. जळण, दळण, पाणी आणि मजुरी वजा करा. तरीही काय उरते ते स्वतःच पाहा. हा हिशेब मी करून देत नाही. घरी पाटी घेऊन बसा आणि सुनेला, लेकीला शेजारी बसवा.

कारण भाकरी थापणारा हात तिचा आहे. पिठले, ठेचा, धपाटे, वरणफळे, ताकातल्या कण्या, शेंगदाण्याची चटणी हे सारे तिला येते. आजवर या कामाला घरात कोणी काम म्हटले नाही. पाहुण्याने ताट चाटून पुसून खाल्ले तर 'सुगरण आहे' एवढे म्हणायचे, झाले. पेठेतल्या फेरफटक्यात याच कामाला पैसे पडतात. म्हणून असे काही करायचे ठरले, तर पैसा तिच्या हाती आणि तिच्या खात्यात जाऊ द्या. ही माझी पहिली अट समजा.

करायचे कसे? मोठे काही उभारू नका, कर्ज काढू नका. औंढा, नर्सी, हिंगोली किंवा वसमत यांपैकी तुमच्या जवळचे गाव धरा. तासा-दोन तासांत पायी होईल अशी वाट ठरवा. देऊळ, जुना वाडा, बारव, आठवडी बाजार, हळदीचे खळे, असे चार-पाच थांबे पुरेत. गावातला शिकलेला पण रिकामा बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी वाटाड्या होऊ शकते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्याने माहिती उतरवून घ्यावी. बचत गटाच्या बायांनी दोन थांब्यांवर खाणे द्यावे: अर्धी भाकरी, पिठले, ठेचा, वर ताक. थंडीत हुरडा असेल तर सोन्याहून पिवळे. हुरड्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी वसंत' हा वाण काढला आहे. त्याचा अर्धा एकर करून पाहायला हरकत नाही. पहिल्या खेपेला पैसे घेऊ नका. आपल्याच नात्यातल्या शहरी पाहुण्यांना फिरवा आणि काय चुकले ते त्यांना विचारा.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. पाणी उकळून गार केलेले असावे. भांडी झाकलेली असावीत. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. पैसे आधी ठरवावेत, वाटेत हात पसरू नये. ज्या दुकानदाराकडे थांबायचे त्याचा वाटा त्याला चोख द्यावा. हळदीला रंग यावा म्हणून काही लोक विषारी रंग लावतात, त्या वाटेला चुकूनही जाऊ नये. एका माणसाच्या लबाडीने साऱ्या वसमतचे नाव जाईल. आणि खोटी गोष्ट सांगू नये. देवळाला हजारो वर्षे उगाच चिकटवू नका. जे माहीत आहे तेवढेच सांगा, ते पुरेसे आहे.

याने सोयाबीनचा भाव वाढणार नाही, आणि सगळ्या गावाचे पोटही यावर भरणार नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण दहा घरांत चार पैसे येतील, दोन पोरे गावात राहतील, आणि एखाद्या रानात पुन्हा ज्वारीचे कणीस डोलेल. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आखले. त्याच वर्षी केंद्राची लहान अन्नप्रक्रिया उद्योगांची योजनाही सुरू झाली. यांतले तुमच्या कामाचे आज काय लागू आहे, ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच आम्ही तिथे बसतो.

तोवर एक सोपे काम सांगतो. पुढच्या वेळी हळद घेऊन हिंगोलीला किंवा वसमतला जाल, तेव्हा पट्टी हाती पडली की लगेच गाडी धरू नका. कारभारणीला बरोबर घ्या आणि तासभर बाजारात पायी फिरा. विकणारा म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून फिरा. काय खपते, कोण खाते, केवढ्याला घेते ते पाहा. आपला माल शेवटी कोणाच्या ताटात आणि कोणत्या भावाने पडतो, हे ज्याला कळले तो पुढच्या हंगामाची पेरणी अधिक विचाराने करील.

पुढच्या आठवड्यात बियाण्याच्या हळदीची निवड आणि साठवण याविषयी बोलू. कळावे.