डब्यातली गोळी

बहुतेक घरांत बिस्किटांचा एक जुना डबा असतो आणि त्यात बिस्किटे सोडून बाकी सर्व काही असते. कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, बामची बाटली, मुदत उलटून गेलेले खोकल्याचे औषध! माझ्या मनोरच्या आत्याकडेही असा डबा होता. पालघरला गाडीतून उतरावे, एस.टी.ने मस्तान नाका गाठावा आणि थोडे चालावे, की तिचे घर येते. आळीत कुणाचे डोके दुखो, कुणाची पाठ धरो, आत्या लगेच डबा उघडायची. देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला गुण, असा तिचा साधा हिशेब.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालला होता. तळता तळता सूनबाईने कमरेवर हात ठेवला. आत्याच्या नजरेतून ते सुटते थोडेच!

"कंबर धरली ना? माझी गुडघ्याची गोळी घे एक. पोटालाही बाधत नाही. डॉक्टरांनी मुद्दाम तशीच दिलीय."

सूनबाईने गोळी हातात घेतली, पण पाण्याच्या पेल्याला काही हात लावीना.

"नको आई. बरं वाटेल आपोआप."

"अगं, मी रोज घेते! मला काही झालंय का?"

आता मात्र तिचा नाइलाज झाला. खाली मान घालून ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, विचारल्याशिवाय कुठलीही गोळी घ्यायची नाही."

"कोण डॉक्टरीणबाई?" आत्याने विचारले, आणि उत्तर मिळण्याआधीच तिला सारे उमगले. दुसरा महिना होता. आत्याने तिच्या तोंडात साखर घातली आणि गोळी ओट्यावर तशीच राहिली.

छापलेले दिसले की वाचायचे, ही मास्तरकीची खोड. मी चष्मा लावून पट्टी उचलली. वर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकाचे नाव होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत दुसरे, मिसोप्रोस्टॉल. आत्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमच्या आत्यांना ती गोळी योग्यच आहे. पण सूनबाईंना चुकूनही देऊ नका. गर्भपाताचा धोका असतो." हे ऐकून आत्या मटकन खाली बसली.

वाचकहो, एकीचा रक्षक तो दुसरीचा वैरी, असे का व्हावे? आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत संरक्षक थर राखण्याचे काम ती करतात. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. दुखणे थांबते ते त्यामुळेच, आणि जठर उघडे पडून व्रण, म्हणजे अल्सर, होतो तोही त्यामुळेच. उतारवयात आणि पूर्वी व्रण होऊन गेलेल्यांना हा धोका अधिक. मिसोप्रोस्टॉल हे अशाच एका प्रोस्टाग्लँडिनची कृत्रिम प्रतिकृती. अमेरिकेत १९८८ साली वेदनाशामकांमुळे होणारे व्रण टाळण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. परंतु हेच द्रव्य गर्भाशयाला आकुंचन पावायला लावते. म्हणून प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. आणि म्हणूनच पोटाच्या रक्षणासाठी ते गर्भवतीला कधीही द्यायचे नसते. त्याने गर्भपात होऊ शकतो, गर्भात व्यंग राहू शकते.

वर्गात मी वृत्ते शिकवतो. एक मात्रा चुकली की ओळ लंगडते, एवढेच. औषधाच्या मात्रेचा हिशेब याहून कडक. व्रण टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची रूढ मात्रा २०० मायक्रोग्रॅम, दिवसातून चार वेळा, अन्नाबरोबर आणि शेवटची झोपताना. वेदनाशामकाशी जोडलेल्या गोळीचे वेळापत्रक मात्र निराळे, ते डॉक्टरांनीच ठरवावे. ती गोळी चावू नये, फोडू नये, अखंड गिळावी. सुरुवातीला पोटात कळा येतात, जुलाब होतात. बहुधा काही दिवसांत ते थांबतात. मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध सोबत घेतल्यास जुलाब वाढतात, तेव्हा ते टाळावे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे औषध द्यायचेच झाले, तर आधी गर्भ नसल्याची खात्री करून घ्यावी लागते आणि औषध चालू असेतो गर्भ राहू न देण्याची काळजी घ्यावी लागते. तरीही दिवस गेलेच, तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आणि कुणालाही काळी, डांबरासारखी शौचास झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नये.

आजकाल पोटाच्या रक्षणासाठी डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल देतात. पण तीही दुसऱ्याच्या डब्यातून उचलायची नसतात आणि न विचारता वर्षानुवर्षे घ्यायची नसतात.

मनोरपासून जवळच, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. तिथून रसायनांचे टँकर निघतात ते धोक्याची पाटी लावून. आपण मात्र दुकानदाराने कापून दिलेली, नाव अर्धे तुटलेली पट्टी बिनधास्त डब्यात टाकतो! पट्टीवर 'आरएक्स' ही खूण असली, की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही आणि चिठ्ठी ज्याच्या नावाची त्यानेच घ्यायचे, एवढे समजावे.

यंदाच्या दिवाळीत आत्याच्या घरी पाळणा हलतो आहे. तिच्या गोळ्या आता तिच्या कपाटात, कुलपात, चिठ्ठीसकट असतात. शेजारीण काही मागायला आली की आत्या तिला चहा देते आणि दवाखान्याची वेळ सांगते.

आणि डब्यात म्हणाल, तर आता खरोखरच बिस्किटे आहेत.