टांगती तलवार, दीड टनाची!

गेल्या मे महिन्यात आम्ही एकदाचा स्प्लिट एसी घेतला. दीड टनाचा! हे वजन नव्हे हं, गारव्याचं माप. पण बाहेरचं युनिटही तीसेक किलोंचं धूड असतंच.

फिटिंगवाला मुलगा आला आणि थेट सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर पाय टाकायला लागला. ना बेल्ट, ना दोरी. खाली सोसायटीची पोरं क्रिकेट खेळत होती.

"रोजचंच आहे, ताई!" तो हसला.

मी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी तो बेल्ट घेऊन आला, पण तो लागलाच नाही. युनिट आम्ही बाल्कनीलगतच्या काँक्रीटच्या बीमवर घेतलं, आतून हात पोचेल असं. अँकर बोल्ट काँक्रीटला घट्ट धरतात, पोकळ विटेला नाही. गंज न धरणारा ब्रॅकेट, खाली रबरी पॅड, मागे वीतभर जागा, समोर मोकळी हवा. तांब्याचा पाइप दोन मीटर जास्त लागला. नवऱ्याने बिल बघून भुवया उंचावल्या.

परवा सर्व्हिसिंगला तोच मुलगा आला. बाल्कनीत उभा राहून काम केलं, चहा घेतला, गेला.

दोन मीटर पाइप महाग नव्हता.