तिकीट ठरतं कुठे? आपल्याला विचारतं कोण?

वरसे (ता. रोहा) : ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. उमेदवार गावातलाच, त्याची कुंडली सगळ्यांना पाठ. पण जिल्हा परिषद किंवा आमदारकी आली की एबी फॉर्मचा खेळ सुरू होतो. तो कोणाला मिळणार हे वरून ठरतं. आपल्या हातात उरतं फक्त बटण.

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोक निवडून देतात. इतकंच नाही, पक्षाचा उमेदवार कोण, यासाठीही बहुतेक राज्यांत आधी मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात.

आपल्याकडेही हा प्रयोग झालाय. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने वर्धा आणि लातूरमध्ये पक्षांतर्गत मतदान घेतलं. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे जिंकले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. लोकसभेला दोघेही पडले. पुढे काही महिन्यांतच मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले.

मग प्रायमरी फसली का? तसं नाही. मत होतं फक्त पक्षाच्या माणसांना, सामान्य मतदार बाहेरच राहिला. अशा मतदानात ज्याची माणसं जास्त, त्याचंच पारडं जड.

म्हणून आपली प्रायमरी आपणच घ्यायची. इच्छुक दारात आले की विचारा : मागच्या पाच वर्षांत कुठे होतात? पाण्याचं, रस्त्याचं काय करणार? निवडून आल्यावर पक्ष बदलणार का? उत्तरं पक्षाच्या तालुकाध्यक्षांपर्यंत पोचवा, तेही फॉर्म भरायच्या आधी. नंतरची नाराजी पारावरच राहते.