‘नेप्’ या धातूविषयी : युरोक भाषेतील खाणे आणि अन्न

परभाषेतील क्रियापदाचा अर्थ कोशात पाहिला की हाती येतो, ही आपल्या अभ्यासक्रमांनी रूढ केलेली समजूत तपासून घेण्यास युरोक भाषेतील ‘नेप्’ हा साधा धातू पुरेसा आहे. युरोक ही उत्तर कॅलिफोर्नियात, क्लॅमथ नदीच्या मुखाकडील खोऱ्यात राहणाऱ्या आदिवासी जमातीची भाषा. तिचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह आर. एच. रॉबिन्स यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे रॉबिन्स ओळखले जातात ते भाषाविज्ञानाच्या इतिहासावरील त्यांच्या पुस्तकामुळे. हा ग्रंथ मात्र क्वचितच कोणी उघडतो.

‘नेप्’ म्हणजे खाणे. ‘नेपेक’ हे प्रथमपुरुषी, ‘नेपेम’ द्वितीयपुरुषी, तर ‘नेप’ तृतीयपुरुषी एकवचनी रूप. (कंठातील सूक्ष्म अडथळा देवनागरीत दाखविता येत नाही, तो येथे सोडून दिला आहे.) मराठी अभ्यासकाची अडचण पहिल्याच रूपापाशी सुरू होते. ‘नेपेक’ याचे भाषांतर ‘मी खातो’ करावे की ‘मी खाते’? युरोकला व्याकरणिक लिंग नाही. आपले आख्यात मात्र ते मागितल्यावाचून राहत नाही. काळाचेही तसेच. युरोक क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत. क्रियापदापूर्वी ‘किच’ आले तर क्रिया पुरी झाली, ‘की’ आले तर ती व्हायची आहे, ‘हो’ आले तर ती मागे घडून गेली असे समजावयाचे. (या ‘की’चा आणि ‘हो’चा आपल्या ‘की’शी, ‘हो’शी काडीचाही संबंध नाही, हे उत्साही व्युत्पत्तिकारांसाठी नमूद केलेले बरे.)

‘किच नेपेक’ म्हणजे खाऊन झाले, पण प्रत्यय खाणाऱ्याचाच राहतो. मराठीत याच ठिकाणी उलथापालथ होते. ‘मी मासा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’ : कर्मणी प्रयोगात खाणारा बाजूला सरतो आणि खाल्लेली वस्तू क्रियापदावर आपले लिंग उमटविते. इंग्रजी अर्थावरून युरोक शिकणाऱ्याला हा भेद दिसत नाही. मराठीवरून शिकणाऱ्याला तो टाळता येत नाही. दूरच्या भाषा आपण इंग्रजीच्या मध्यस्थीने वाचतो, त्यात आपल्याच भाषेने दिलेली ही दृष्टी वाया जाते, असे माझे मत आहे.

युरोकमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूची छाप क्रियापदावर नसली, तरी त्या वस्तूने क्रियापद आपल्या नावात घेतले आहे. क्लॅमथमध्ये समुद्रातून चढून येणाऱ्या सामन माशाला ‘नेपुय’ म्हणतात. ‘जे खाल्ले जाते ते’ असा त्याचा अर्थ युरोक लोक स्वतः सांगतात. दुसरे खाण्यास नव्हते म्हणून हे नाव पडले असे कोणी समजू नये. ओकवृक्षाची फळे होती, लांबट ईल मासे होते, समुद्रशैवाल होते. तरीही ‘खाद्य’ हे नाव एकालाच मिळाले. आपल्याला हे अपरिचित नाही. ‘अद्’ म्हणजे खाणे, त्यापासून ‘अन्न’. आणि सीमेपलीकडे कन्नडमध्ये व तेलुगूत ‘अन्न’ म्हटले की पानात भातच पडतो. धातूचा व्यापक अर्थ कोणत्या पदार्थावर येऊन स्थिरावतो हे व्याकरण सांगत नाही, चूल सांगते.

म्हणूनच बालपणापासून युरोक बोलत आलेले अखेरचे वक्ते मानले जाणारे आर्ची थॉम्प्सन २०१३ साली वारले, त्या दिवशीच या भाषेचा निकाल लागला असे म्हणणे मला अपुरे वाटते. प्रौढांनी ती शिकून घेतली आहे, शाळांतून ती शिकविली जाते. पण २००२ साली क्लॅमथच्या खालच्या पात्रात तीस हजारांहून अधिक मासे मेले, आणि २०१७ साली ते इतके थोडे आले की जमातीला आपली व्यापारी मासेमारी बंद ठेवावी लागली. ‘नेपेक’ची रूपावली फळ्यावर बिनचूक लिहिता येते, ‘नेपुय’ ताटात नसेल तर त्या रूपावलीचा कर्म म्हणून काय घ्यायचे? नदीवरील चार धरणे २०२४ अखेर पाडून झाली आणि त्याच शरदात मासे शतकाहून अधिक काळ बंद असलेल्या वरच्या पात्रात शिरले. भाषाभ्यासाच्या नियतकालिकात या घटनेची नोंद व्हावयास हवी होती. ती झाली मत्स्यविज्ञानाच्या पानांवर.

राहता राहिला भाषांतराचा प्रश्न. सामनसाठी ‘रावस’ लिहिण्याचा मोह मराठी अनुवादकाला होतो, कारण बाजारात रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात. रावस हा वेगळ्याच कुळातला मासा. सामनासारखा तो अंडी घालण्यासाठी शेकडो मैल नदी चढून जात नाही. ‘अन्न’ लिहावे तर मासा नाहीसा होतो. तेव्हा मूळ ‘नेपुय’ तसाच ठेवावा, आणि त्याच परिच्छेदात कोणाच्या तरी तोंडी ‘खाणे’ येईल अशी वाक्यरचना साधावी.