पंज्यातलं बळ

आपल्या शिबिरांमध्ये शरीराबद्दल पुष्कळ बोलणं होतं. पाळी, बाळंतपणं, रक्त कमी असणं, नवऱ्याची मारहाण. बाईचं शरीर म्हणजे जिथे काहीतरी दुखतं, बिघडतं किंवा कुणीतरी इजा करतं अशी जागा, असं आपल्या चर्चेचं एकूण स्वरूप. ते आवश्यकच आहे. पण बाईच्या अंगातल्या बळाबद्दल, नुसत्या बळाबद्दल, आपण फारसं बोलत नाही. बोललोच तर दोन वाक्यांत स्वसंरक्षणावर येऊन थांबतो. गेलं वर्षभर मी या गोष्टीचा विचार करते आहे, आणि त्याला कारण आहे नालासोपाऱ्याची एक पंजा लढवणारी मुलगी.

तिचं नाव इथे देत नाही. ती स्पर्धांना जाते हे तिच्या घरी सगळ्यांना ठाऊक नाही. आमच्या एका कार्यकर्तीची ती भाची. वय सव्वीस, औषधांच्या दुकानात बिलं करते. पहिल्या भेटीत मला दिसलं ते एवढंच, की तिचा चेहरा लहानखुरा आहे आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मात्र सुतारकाम करणाऱ्या माणसाचा असावा तसा आहे. हात पुढे केला तेव्हा तिने तो अगदी हलका धरला. पुढे कळलं की हे ती मुद्दाम करते. लोक तिचा हात हातात आला की दाबून बघतात. पुरुष तर हटकून.

पंजा म्हणजे चहाच्या टपरीवर पोरांनी करायची गंमत, अशी आपली समजूत असते. स्पर्धेतला पंजा निराळा. उंच टेबल, कोपरासाठी उशी, मोकळ्या हाताने धरायला खुंटी. वजनी गट असतात, उजव्या आणि डाव्या हाताच्या लढती वेगळ्या. कोपर उशीवरून उचललं की फाऊल, दोन फाऊल झाले की हार. हात सुटला तर पंच दोघींचे हात पट्ट्याने बांधून लढत पुन्हा लावतात. दंडाचा जोर लागतोच, पण निकाल बहुधा बोटांत आणि मनगटात लागतो. समोरचीचं मनगट उलटं वळवलं, बोटं उघडली, की तिचा दंड कितीही भरलेला असो, त्याचा उपयोग राहत नाही. हे जमण्यासाठी ती काय करते? बादलीभर तांदळात मूठ खुपसते आणि आत उघडते, मिटते, उघडते. दोनेकशे वेळा. तांदूळ रेशनचा, आणि सराव झाला की तोच पाखडून रांधायचा. आईची तक्रार व्यायामाबद्दल नाही, कण्या होतात त्याबद्दल आहे.

२०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत 'प्रो पंजा लीग'चा पहिला हंगाम झाला. तो दूरचित्रवाणीवर दिसला, आणि त्यात बायकांच्याही लढती होत्या. अभिनेत्री प्रीती झंगियानी आणि अभिनेते परवीन दबास यांनी ती उभी केली. ते पाहून घरोघरी पंजा कळला. पण जिल्ह्याच्या पातळीवर ही मुलगी अजून स्वतःच्या पैशाने, पहाटेची गाडी धरून, वजन भरावं म्हणून उपाशीपोटी जाते.

तिला मी विचारलं, बाहेर वावरताना याचा उपयोग होतो का? ती म्हणाली, "ताई, सगळे हेच विचारतात. माझा भाऊ क्रिकेट खेळतो, त्याला कुणी विचारत नाही की चोर आला तर बॅटचा उपयोग होतो का."

यावर मला थांबावंसं वाटतं. मुलींना कराटे शिकवा, लाठी शिकवा, हा आग्रह प्रत्येक मोठ्या अत्याचाराच्या बातमीनंतर उसळतो. नेते टाळ्या घेतात, शाळेच्या मैदानावर एक दिवसाचं प्रात्यक्षिक होतं. मुलींनी जरूर शिकावं. परंतु मुठीच्या ताकदीबद्दल जे मोजलं गेलं आहे ते आपण डोळे उघडे ठेवून वाचलं पाहिजे. २००७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी विशी-पंचविशीतल्या १,६५४ पुरुषांची आणि ५३३ स्त्रियांची पकड यंत्रावर मोजली. सोबत ज्युदो, हँडबॉल अशा पकडीच्या खेळांतल्या साठ निष्णात स्त्री-खेळाडूही घेतल्या. पुरुषांची सरासरी साधारण ५५ किलो, स्त्रियांची साधारण ३३. खेळाडू स्त्रियांची ४५. म्हणजे त्या इतर बायकांहून तिसऱ्या हिश्शाने वरचढ, पण मधल्या पुरुषापर्यंत, ज्याने कधी वजन उचललेलं नाही अशापर्यंतही, त्यांच्यातल्या फार थोड्या पोचल्या.

हा आकडा काही मैत्रिणींना आवडत नाही. मला तो उपयोगाचा वाटतो. कारण त्याचा अर्थ असा, की बाईची सुरक्षितता बाईच्या मनगटावर सोडणं ही फसवणूक आहे. जिने आयुष्य पकडीत घातलं तिलाही ते जमेलच असं नाही, मग दहा दिवसांच्या वर्गातून निघालेल्या मुलीकडून ती अपेक्षा का? आणि ही अपेक्षा कुठवर जाते ते महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवलं होतं, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, हे त्यातलं एक प्रमुख कारण. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रामुळे ते प्रकरण देशभर गाजलं, मोर्चे निघाले, १९८३ साली कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत कायद्यात यायला मात्र २०१३ साल उजाडलं. बाईने किती झुंज दिली हे मोजणारी नजर तरीही अजून कोर्टाबाहेर शाबूत आहे. स्वसंरक्षणाचं कौतुक करताना आपण त्या नजरेला खतपाणी घालत नाही ना, एवढं बघितलं पाहिजे.

मग बळ कशाला हवं? ती मुलगी म्हणते, जिंकायला. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. बाईने केलेल्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी उपयोग चिकटवायची आपल्याला सवय आहे. शिकली तर मुलांचा अभ्यास घेईल, कमावती झाली तर घराला हातभार. स्वतःच्या हौसेसाठी घाम गाळणं पुरुषाला शोभतं, बाईने केलं की ते रिकामपण. कुठल्याशा काकूंनी तिच्या आईला ऐकवलंच, की असे हात झाले तर बांगड्या चढायच्या नाहीत आणि स्थळं यायची नाहीत.

इथे मला हमीदा बानू आठवते. उत्तर प्रदेशातून आलेली ही पैलवान चाळीस-पन्नासच्या दशकांत पुरुषांशी कुस्त्या खेळत असे. मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं जाहीर आव्हान होतं. १९५४ साली बडोद्याला बाबा पैलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. आपल्या महाराष्ट्रात तिचं स्वागत कसं झालं? कोल्हापुरात पुरुषाला हरवल्यावर लोकांनी तिच्यावर दगड फेकले. रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती कुस्ती-संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाईंपर्यंत तिने दाद मागितली. युरोपात जाऊन लढायचं तिच्या मनात होतं. घरच्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की ते होऊ नये म्हणून तिच्याच वस्तादाने, सलाम पैलवानाने, काठीने मारून तिचे हात मोडले. नंतर कल्याणला दूध विकून ती जगली आणि १९८६ साली गेली. वसईची खाडी ओलांडून थोडं आत गेलं की कल्याण! एवढ्या जवळ ती होती आणि आपल्या पिढीतल्या कितीजणींना तिचं नाव माहीत होतं? २०२४च्या मे महिन्यात गूगलने तिचं चित्र लावलं तेव्हा ते बऱ्याच जणींनी पहिल्यांदा ऐकलं. तिला आखाड्यात हरवणारा भेटला नाही, हात मोडणारा घरात भेटला.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे बायकांची पकड कमी असते असं ऐकलं की मी विरारच्या सकाळच्या गाडीकडे बघते. १९९३ साली महिला विशेष गाडी विरारपर्यंत आली, तरी आजही एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने पर्स धरून दारात उभ्या असलेल्या बायका रोज दिसतात. अर्नाळ्याच्या कोळणीची पाटी, आगाशीच्या बाजारात भाजीचे भारे उतरवणारी बाई, चाळीत टँकरचं पाणी दुसऱ्या मजल्यावर चढवणारी. या हातांना बळ नाही असं कोण म्हणेल? फरक एवढाच की ते कुणी मोजत नाही, त्याला वजनी गट नाही, आणि विश्रांतीचा दिवस नाही. पंजाची ती मुलगी एका दिवसाच्या कडक सरावानंतर दोन दिवस मनगटाला आराम देते. धुण्याच्या चादरी पिळणाऱ्या बाईला असे दोन दिवस कोण देणार? राबून हात झिजतो, सरावाने तो भरतो. दोन्हींत कष्ट तेवढेच असले तरी खाणं आणि झोप एकीच्याच वाट्याला येते.

मोजण्याला महत्त्व आहे ते यासाठीही. २०१५ साली सतरा देशांतल्या, भारतासकट, जवळजवळ १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. पकड पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. वरच्या रक्तदाबापेक्षा मुठीचं माप अधिक बोलकं ठरलं. पकड वाढवली की आयुष्य वाढतं असा याचा सरळ अर्थ नाही. मूठ ही एकूण शरीराची खबर देते, इतकंच. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेली मर्यादा बायकांसाठी १८ किलो आहे, त्याखाली पकड असेल तर स्नायू झिजत असल्याची शंका घ्यायची. तपासायला यंत्र लागतं हातात मावणारं, सुई टोचावी लागत नाही, अर्ध्या मिनिटात काम होतं. आपल्या आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिनच्या शेजारी हे टेबल का नसावं?

हे मी मंडळाच्या बैठकीत मांडलं. एकजण म्हणाली, बायका आकड्याला घाबरतील. दुसरी म्हणाली, घाबरणार नाहीत, पैज लावतील. पुढचं शिबिर विरार पूर्वेला आहे. यंत्र एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाई देणार आहेत. पंजाचं टेबल ती मुलगी स्वतः आणते म्हणाली, टेम्पोचं भाडं तेवढं आपण द्यायचं. वर तिने अट घातली आहे की पन्नाशीपुढच्या बायकांचा गट वेगळा हवा, नाहीतर मासेवाल्या मावशी पहिल्या फेरीतच सगळ्यांना घरी पाठवतील.