उलट्या आट्यांचा कप

रविवारी आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये कुणीतरी दान दिलेली जुनी रॅले सायकल आली: नॉटिंगहॅमची, रेसरच्या वाकड्या हँडलची, पोलादी फ्रेमची. पायडलच्या अ‍ॅक्सलमधलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं. तिथे घाई करून चालत नाही. छर्रे धरणारा उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. सवयीने पाना फिरवला की सुटण्याऐवजी आणखी आवळतो. त्यात जुन्या रॅलेला बऱ्याचदा इंचाला २४ नव्हे, २६ आटे. बाजारातला कप दामटून बसवला तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. म्हणून जुनेच कप रॉकेलमध्ये धुतले, नवे छर्रे एकेक करून ग्रीसमध्ये बसवले. तासभर गेला, पण अ‍ॅक्सल बोटाने फिरवला तेव्हा आवाज आला नाही, आणि मला फार बरं वाटलं. चाकं मात्र बदलावी लागली. मूळची २७ इंची, म्हणजे टायर बसतो तिथे ६३० मिलिमीटर व्यास. हल्ली सहज मिळतात ती ६२२ची. ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली घेतले, नशिबाने पुरले. सीटखालच्या नळीवर कुणीतरी खिळ्याने दोन अक्षरं कोरली आहेत. ती घासायला माझा हात धजला नाही. आता रात्रपाळीला जाणारा एक मुलगा ही सायकल नेणार आहे. त्याच्यासाठी सीट अजून दोन बोटं वर घ्यायची आहे.