आधी कापड, मग माग



या महिन्यात आलेला प्रश्न सोलापुरातील एका कापड व्यापारी बंधूंचा आहे. त्यांची कन्या बारावी झाली असून तिला ॲनिमेशनच्या क्षेत्रात जायचे आहे. तिने दीड लाखाच्या लॅपटॉपची मागणी पुढे ठेवली. आजोबांना तो खेळ वाटतो. वडील लिहितात, "नाही म्हटले तर मुलीचे मन मोडते, हो म्हटले आणि चार महिन्यांत तिची आवड ओसरली तर पैसा अडकतो. काय करावे?"

दादासाहेब फाळके यांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. १९१२ मध्ये त्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा खरेदी केला, पण चित्रपट काढण्यास भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चौकट टिपली. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रफितीत अंकुराचा वेल होताना दिसला. ती पाहिल्यावर कर्ज देणारे पुढे आले. एकेक चौकट जोडून हालचाल निर्माण करणे, हेच ॲनिमेशनचे मूळ तत्त्व होय. आणि नमुना पाहून भांडवल द्यावे, हे तर आपल्या व्यापाराचेच तत्त्व आहे.

म्हणून पहिले तीन महिने नवे यंत्र घेऊ नये. घरातील किंवा पेढीवरील संगणक घ्यावा. चित्रे काढण्यासाठी क्रिटा, द्विमितीय ॲनिमेशनसाठी ओपनटून्झ आणि त्रिमितीसाठी ब्लेंडर ही सॉफ्टवेअर अधिकृतपणे विनामूल्य मिळतात. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडरवरच तयार झाला आहे. सोबत पाच हजारांच्या आत मिळणारा, पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट घ्यावा. आरंभी एवढाच खर्च पुरे.

मग कन्येला दहा सेकंदांची एक चाल पूर्ण करण्यास सांगावे. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी एकशे वीस चित्रे होतात. ती चिकाटीने पूर्ण झाली, तर आवड खरी आहे असे मानून पुढची रक्कम निःशंकपणे काढावी.

पुढची खरेदी कशी करावी? आपल्या शहरात माग बसवणारा आधी ठरवतो, टॉवेल काढायचे की जेकार्ड चादर. त्यानुसार यंत्र येते. येथेही तसेच आहे. द्विमितीय काम करायचे असेल तर मध्यम प्रतीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पुरते. महाग ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. त्रिमितीय कामाचा भार मात्र त्या कार्डावरच पडतो. ब्लेंडरकर्त्यांची स्वतःची शिफारस ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड अशी आहे. किमान अट मात्र अनुक्रमे ८ आणि २ जीबी एवढीच आहे. या दोहोंच्या मधून आरंभ करून नंतर वाढवत जाणे शहाणपणाचे.

असे वाढवत जाणे डेस्कटॉपमध्ये सोपे असते. आज १६ जीबीची एकच पट्टी बसवावी, शेजारची खाच रिकामी ठेवावी. पॉवर सप्लाय थोडा जास्त क्षमतेचा घ्यावा, म्हणजे पुढे मोठे कार्ड बसेल. लॅपटॉपमध्ये ही सोय थोडी असते, आणि चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात तासन्‌तास रेंडरिंग करताना तापून तो मंदावतो. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाणे नक्की असेल, तरच लॅपटॉपचा विचार करावा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. आणि कामाची दुसरी प्रत ठेवण्यास वेगळी हार्ड डिस्कही हवी.

जुना माल वर्ज्य नाही. कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून हमीसह विकले जाणारे संगणक द्विमितीय कामास चांगले चालतात. जुने ग्राफिक्स कार्ड मात्र दुकानातच अर्धा तास भाराखाली चालवून पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. आभासी चलनासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डेही बाजारात येतात.

एक मोह टाळावा. पेढीच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेऊन कर वजा करून घ्यावासा वाटेल. यंत्र घरच्या शिक्षणासाठी असेल तर ती वजावट नियमात बसत नाही. बिल कन्येच्या नावे घ्यावे. हमीसाठीही तेच सोयीचे.

या बंधूंना शेवटची विनंती. दहा सेकंदांची ती चाल तयार झाली की ती आजोबांना सर्वांत आधी दाखवावी. त्यांचे मत बदलण्यासाठी वाद घालण्यापेक्षा तेच अधिक उपयोगी ठरेल.